नाकारलेल्या कर्जअर्जांचा हिशेब विद्यार्थ्यांकडून मांडून घ्या

प्रति,
मा. कुलगुरू,
डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ,
छत्रपती संभाजीनगर



नव्या शैक्षणिक धोरणाने पदव्युत्तर विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षाच्या अखेरीस उन्हाळी सुट्टीत चार श्रेयांकांचे कार्यप्रशिक्षण घालून दिले आहे. आता सगळे त्याला ‘ओजेटी’ म्हणतात. एका श्रेयांकाचे तीस तास धरले तर हे १२० तास होतात. संख्याशास्त्र, संगणकशास्त्र, वाणिज्य, अर्थशास्त्र, व्यवस्थापन या विषयांतल्या ज्या मुलामुलींना आकड्यांत गती आहे, त्यांनी हे तास गृहकर्जाच्या डेटावर घालवावेत, असे सुचवण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. मात्र मंजूर झालेल्या कर्जांचे आलेख काढण्यात ते जाऊ नयेत. किती कर्जे दिली, किती वसूल झाली, कुठल्या शाखेचे उद्दिष्ट मागे पडले हे कंपन्यांच्या संगणकावर रोज सकाळी आपोआप दिसते. आपल्या शहरात आणि विद्यापीठाच्या चार जिल्ह्यांत जे अर्ज नाकारले गेले त्यांचा हिशेब मात्र जाहीरपणे कोणी मांडत नाही. तो विद्यार्थ्यांकडून मांडून घ्यावा आणि पुढाकार विद्यापीठाने घ्यावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

गृहकर्जाच्या विश्लेषणाशी देशातल्या असंख्य विद्यार्थ्यांची पहिली ओळख ज्या तक्त्यातून होते, तो आधी पाहू. ‘ड्रीम हाउसिंग फायनान्स’ नावाच्या एका कल्पित कंपनीकडे आलेल्या ६१४ अर्जांचा हा तक्ता इंटरनेटवर फुकट मिळतो. अर्जदार स्त्री की पुरुष, विवाहित की अविवाहित, शिक्षण किती, स्वतःचा व्यवसाय आहे का, उत्पन्न, सहअर्जदाराचे उत्पन्न, कर्जाची रक्कम, मुदत, आधीच्या कर्जफेडीचा इतिहास आणि शेवटी मंजूर की नामंजूर, असे त्याचे रकाने. ४२२ मंजूर, १९२ नामंजूर. कर्जफेडीच्या इतिहासाचा एकच रकाना पाहून अंदाज बांधला तरी सुमारे ८० टक्के उत्तरे बरोबर येतात. मग त्यावर कितीही भारी अल्गोरिदम चढवा, आकडा फारसा हलत नाही. सराव म्हणून यात काही गैर नाही. पण या तक्त्यात ते १९२ जण का नाकारले गेले याचा रकानाच नाही. मालमत्ता कुठे आहे या प्रश्नाला तीनच उत्तरे आहेत: शहरी, निमशहरी, ग्रामीण. वाळूज एमआयडीसीला लागून असलेले रांजणगाव शेणपुंजी यातल्या कशात बसवायचे? कारभार ग्रामपंचायतीचा, वस्ती एखाद्या शहरासारखी दाट, राहणारे बहुतेक कारखान्यांतले कामगार आणि घराचा पुरावा म्हणून हातात ग्रामपंचायतीचा नमुना आठ. तयार तक्त्यावर शिकलेला विद्यार्थी रांजणगावला ‘ग्रामीण’ म्हणून मोकळा होईल, आणि इथल्या गृहकर्जाविषयी जे कळायला हवे ते सगळे त्या एका शब्दाखाली दडून राहील.

या शहरात घराचे कर्ज अडते ते बहुधा कागदावर. सिडकोने १९७० च्या दशकापासून एन-१, एन-२ असे क्रमांक देत वसवलेल्या भागात कागद तुलनेने सरळ आहेत. तिथून थोड्याच अंतरावर मुकुंदवाडी, पुंडलिकनगर, जयभवानीनगर, आणि उत्तरेकडे मिसारवाडी, नारेगाव इथे ‘वीस बाय तीस’चा प्लॉट बॉण्डवर घेऊन हप्त्याहप्त्याने भिंती उभारलेल्या कुटुंबांची वस्ती सुरू होते. अशा गुंठेवारी वसाहती शहरात शंभराहून अधिक आहेत. राज्याने २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा केला तो १ जानेवारी २००१ पूर्वीच्या बांधकामांपुरता. ही मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढवायला २०२१ साल उजाडले. मधल्या वीस वर्षांत ज्यांनी घर बांधले त्यांच्याकडे महापालिकेच्या कराची पावती होती, विजेचे बिल होते, पण सावकारी टाळून बँकेत जावे तर वकिलाच्या शोध अहवालात अडकणारा कागद होता. त्यात १२ जुलै २०२१ रोजी नोंदणी विभागाने परिपत्रक काढून एक-दोन गुंठ्यांचे व्यवहार नोंदवणे थांबवले आणि मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या इथल्याच खंडपीठाने ते रद्द ठरवले. म्हणजे ऑगस्ट २०२१ मध्ये दस्त नोंदवला जात नाही म्हणून परत गेलेली फाइल जून २०२२ मध्ये चालण्याजोगी झाली असू शकते. माणूस तोच, प्लॉट तोच, मिळकत तीच. नुसता निकाल पाहणारा संगणक मात्र त्या वस्तीवर जोखमीचा शिक्का मारून ठेवतो, आणि पुढच्या अर्जदाराला तो शिक्का भोवतो. कर्ज देणाऱ्यांच्या बोलीत अशा भागांना ‘निगेटिव्ह एरिया’ म्हणतात.

मराठवाड्यात हा गुंता आणखी खोल जातो. निजामाच्या काळातल्या इनाम जमिनी, त्या रद्द करणारा हैदराबाद राज्याचा १९५४ चा कायदा, त्यातून आलेल्या वर्ग दोनच्या जमिनी, वक्फच्या नोंदी, गायरान, आणि हे सगळे तपासताना वकिलाला उघडावे लागणारे जुने खासरा पत्रक, यांपैकी एकाही गोष्टीला पुण्या-मुंबईत बसून तयार केलेल्या अर्जात जागा नसते. ज्यांचे नाव विद्यापीठाला आहे त्या बाबासाहेबांनी १९१८ मध्ये भारतातल्या लहान धारणक्षेत्रांवर निबंध लिहिला होता. जमिनीचा तुकडा लहान की मोठा हे नुसत्या क्षेत्रफळावरून ठरवता येत नाही, त्यावर भांडवल आणि श्रम किती लागले आहेत हे पाहावे लागते, असा त्यातला युक्तिवाद आहे. उपलब्ध आकडा आपल्या प्रश्नाचे उत्तर देतो की भलत्याच प्रश्नाचे, ही शंका घेण्याची ती रीत विश्लेषणाच्या कुठल्याही अभ्यासक्रमात पहिल्या आठवड्यात शिकवावी अशी आहे.

उत्पन्नाचेही तेच. वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला आणि त्याभोवती सुट्या भागांचे शेकडो लहानमोठे कारखाने उभे राहिले. तिथला ठेकेदारी कामगार वर्षानुवर्षे त्याच यंत्रावर उभा असला, तरी ठेकेदार बदलला की कागदावर त्याचा मालक बदलतो. अर्जात मग ‘नोकरीचा कालावधी: आठ महिने’ असे दिसते. पगारपत्रकात मूळ वेतन कमी आणि ओव्हरटाइम जास्त. कर्जाची पात्रता काढताना ओव्हरटाइम किती धरायचा हे ज्या त्या संस्थेच्या धोरणावर. बीडचे ऊसतोड कुटुंब वर्षाच्या कमाईतला मोठा भाग हंगामाआधी उचल म्हणून घेते आणि मग ती फेडत राबते. दरमहा समान हप्ता मागणाऱ्या कोष्टकात हे कुटुंब कधीच बसणार नाही. या लोकांना हप्ता झेपतो की नाही, हे शोधण्याजोगे आहे. तो झेपत नाही असे न शोधताच ठरवले जाते.

हा डेटा मिळणार कुठून, असे कोणी विचारील. तो लिहिलेला आहे. गृहवित्त कंपन्यांना लागू असलेल्या न्याय्य व्यवहार संहितेनुसार अर्ज नाकारल्यास कारण लेखी कळवावे लागते. म्हणजे कारणे फायलींत, ई-मेलांत, लॉगिन झालेल्या अर्जांच्या शेवटच्या शेऱ्यात पडून आहेत. रिझर्व्ह बँक जिल्हावार कर्जाची आकडेवारी प्रसिद्ध करते. ती बँकांनी दिलेल्या कर्जांची असते. ऑगस्ट २०१९ पासून गृहवित्त कंपन्यांचे नियमन रिझर्व्ह बँकेकडे आले आणि देखरेख राष्ट्रीय आवास बँकेकडे राहिली, तरी हिशेबाचा रोख बदलला नाही. दिलेले मोजायचे आणि न दिलेले सोडून द्यायचे. यात सार्वजनिक पैशाचाही प्रश्न आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या व्याज अनुदानात आर्थिक दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटाला सहा लाखांपर्यंतच्या कर्जावर ६.५ टक्के दराने जास्तीत जास्त २.६७ लाख रुपये मिळत होते. सप्टेंबर २०२४ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात ही मर्यादा १.८० लाख रुपये आहे. पण अनुदान कर्जाच्या मागून येते. कर्ज नाकारले की अनुदानही गेले. सरकारी तिजोरीतला पैसा कोणापर्यंत पोहोचू शकला नाही हे पाहायचे, तर नाकारलेले अर्जच पाहावे लागतील.

अमेरिकेत याचा धडा पन्नास वर्षांपूर्वी सुरू झाला. १९७५ च्या कायद्याने तिथल्या कर्जसंस्थांना कुठल्या वस्तीत किती गृहकर्जे दिली हे जाहीर करणे भाग पडले. १९८८ मध्ये अटलांटा शहरातल्या एका वृत्तपत्राने ती आकडेवारी खणली, तेव्हा सारख्याच उत्पन्नाच्या वस्त्यांत गोऱ्यांना काळ्यांच्या पाचपट कर्जे मिळत असल्याचे निघाले. पुढच्याच वर्षी कायदा बदलला आणि नाकारलेल्या अर्जांची, अर्जदाराच्या वंश-लिंग-उत्पन्नासह, नोंद देणे बंधनकारक झाले. १९९२ मध्ये बोस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेने या नोंदींना आणखी तपशील जोडून पाहिले. वरवर पाहता अल्पसंख्याकांचे २८ टक्के आणि गोऱ्यांचे १० टक्के अर्ज नाकारले जात होते. कर्जाचा बोजा, मागची थकबाकी वगैरे सगळे हिशेबात घेतल्यावर ही तफावत १७ आणि ११ टक्क्यांवर आली. म्हणजे मोठा भाग आर्थिक कारणांचा होता, तरीही एक भाग उरलाच. त्या अभ्यासाच्या मूळ डेटात चुका असल्याचे टीकाकारांनी पुढे दाखवले आणि वाद अनेक वर्षे चालला. मला त्यातले हेच महत्त्वाचे वाटते. नोंदी खुल्या होत्या म्हणून आरोप करता आला, आणि खुल्या होत्या म्हणूनच तो तपासताही आला. आपल्याकडे असा कायदा नाही. मग पक्षपात होतो म्हणणाऱ्याकडे पुरावा नसतो आणि होत नाही म्हणणाऱ्याकडेही नसतो.

हे काम कार्यालयात बसून होणार नाही, हा माझा दुसरा आग्रह. नीटनेटका डेटा खराच असतो असे नाही. दिवाण हाउसिंग फायनान्सचे संचालक मंडळ रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१९ मध्ये बरखास्त केले. मार्च २०२१ मध्ये सीबीआयने दाखल केलेल्या गुन्ह्यातला आरोप असा की, अस्तित्वातच नसलेल्या वांद्रे शाखेत २.६० लाख बनावट गृहकर्ज खाती उघडली गेली आणि त्यांतल्या अनेकांवर आवास योजनेचे अनुदानही मागितले गेले. या खात्यांना नावे होती, रकमा होत्या, हप्ते होते. विश्लेषकाच्या पडद्यावर ती इतर खात्यांसारखीच दिसली असणार. आपल्या महापालिकेच्या आवास योजनेच्या निविदांचे प्रकरण तर घरचेच. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिटी चौक पोलिस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला तो वेगवेगळ्या कंपन्यांच्या म्हणून आलेल्या निविदा एकाच आयपी ॲड्रेसवरून भरल्याच्या आरोपावरून, आणि मार्चमध्ये ईडीचे छापे पडले. न्यायालये काय ठरवायचे ते ठरवतील. विद्यार्थ्याने यातून एवढेच घ्यावे की कधी उत्तर कोणी न पाहिलेल्या रकान्यात असते आणि कधी घराच्या दारात. म्हणून १२० तासांतले पहिले तीस-चाळीस तास त्याने शाखेच्या माणसासोबत पडताळणीला जावे. अर्जदाराशी ‘पीडी’ म्हणजे समोरासमोरची चर्चा कशी होते, मूल्यांकन करणारा अभियंता भिंत पाहून काय लिहितो, वकिलाच्या अहवालात ‘निर्वेध’ हा शब्द कशाच्या जोरावर येतो, हे पाहिल्यावरच त्याने एक्सेल उघडावे. उघडल्यावर एकच वसाहत सहा प्रकारे लिहिलेली आणि शहराचे नाव कुठे जुने, कुठे नवे, कुठे अर्धेच, असे सापडेल. त्याची झाडझूड हाही धडाच आहे.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप असा की, अर्ज नाकारणे बहुतेक वेळा बरोबरच असते. हप्ता न झेपणाऱ्याच्या गळ्यात कर्ज घालणे ही दया नव्हे. २००२ च्या सरफेसी कायद्याने थकलेल्या कर्जापोटी न्यायालयात न जाता घराचा ताबा घेता येतो, आणि तो घेतला जातो. हे मला पूर्ण मान्य आहे. म्हणूनच हिशेब हवा. नाकारलेल्या अर्जांच्या ढिगात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र पडल्या आहेत. काहींना खरेच हप्ता झेपणार नाही. काहींचा हप्ता झेपतो, कागद अपुरा आहे. त्यांचा प्रश्न महापालिका, तहसील आणि नोंदणी कार्यालयाचा आहे, अर्जदाराचा नाही. आणि काहींचे आयुष्य कंपनीच्या अर्जात मावत नाही, म्हणून ते बाहेर. पहिल्या गटाला नकार देणे शहाणपणाचे आहे. दुसऱ्या गटाची यादी महापालिका आयुक्तांच्या टेबलावर गेली तर गुंठेवारीच्या फायलींचा प्राधान्यक्रम ठरवायला तिचा उपयोग होईल. तिसरा गट हा कर्जसंस्थांचा हुकलेला धंदा आहे. या तिघांचे प्रमाण काय? दहा टक्के, की साठ? हे कळल्याशिवाय धोरणावर बोलणे म्हणजे अंधारात दगड मारणे.

खासगीपणाचा मुद्दा रास्त आहे आणि त्याला उत्तरही आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने संशोधन आणि सांख्यिकीसाठी सूट ठेवली आहे. अट अशी की त्या माहितीवरून विशिष्ट व्यक्तीबद्दल निर्णय घेता कामा नये आणि ठरवून दिलेली मानके पाळली पाहिजेत. नाव, मोबाइल, आधार, पॅन संस्थेनेच काढून टाकावेत, आणि एखाद्या वसाहतीतून दहापेक्षा कमी अर्ज असतील तर ती शेजारच्या वसाहतीत मिळवावी, म्हणजे कोणी ओळखू येणार नाही. संस्थांना धंद्याचे गुपित फुटेल अशी धास्ती वाटेल. त्यांची नावे अहवालात न घालता एकत्रित आकडे द्यावेत. सगळ्या संस्था लगेच तयार होणार नाहीत. सुरुवात एकीपासून होऊ शकते. राज्यातल्या दोन ग्रामीण बँकांचे २०२५ मध्ये विलीनीकरण होऊन झालेल्या महाराष्ट्र ग्रामीण बँकेचे मुख्यालय याच शहरात आहे. तिथवर पत्र पाठवायला विद्यापीठाला टपालखर्चही पडू नये.

विद्यार्थ्यांना नोकरी पुण्यात नाहीतर हैदराबादेत शोधायची आहे, रांजणगावच्या नमुना आठचा त्यांना काय उपयोग, असेही म्हटले जाईल. पण मुलाखतीला येणाऱ्या प्रत्येकाने तो ६१४ ओळींचा तक्ता सोडवलेलाच असतो. मंजूर अर्जांवरच शिकवलेले मॉडेल नाकारलेल्यांबद्दल चुकते, ही पतमापनाच्या क्षेत्रात जुनी आणि अवघड मानली जाणारी अडचण आहे. तिला तिथे ‘रिजेक्ट इन्फरन्स’ म्हणतात. ती प्रत्यक्ष फायलींवर हाताळलेला उमेदवार कुठल्याही शहरातल्या जोखीम विभागाला हवा असेल. १२० तास अपुरे आहेत हे खरे. त्यावर उपाय म्हणजे काम एका तुकडीकडून दुसरीकडे सोपवणे. पहिल्या वर्षीच्या मुलांनी कारणांची वर्गवारी ठरवावी, दुसऱ्या वर्षीच्यांनी ती सुधारून पुढची फाइल भरावी. पाच वर्षांनी मराठवाड्यातल्या गृहकर्जाचा असा सलग दस्तऐवज तयार होईल, जो पैसे देऊनही आज मिळत नाही. अंबड किंवा पैठणहून येणाऱ्या विद्यार्थ्याचे बसभाडे आणि जेवण मात्र कोणीतरी द्यावे. फुकट राबवून घेणे हे प्रशिक्षणात मोडत नाही.

तेव्हा विनंती अशी. पुढच्या उन्हाळ्याआधी विद्यापीठाने जिल्ह्याच्या अग्रणी बँकेला आणि शहरात शाखा असलेल्या गृहवित्त कंपन्यांना एकत्र बोलवावे, नाव काढलेले नामंजूर अर्ज अभ्यासासाठी देण्याचा करार करावा आणि संख्याशास्त्र विभागाकडे त्याची जबाबदारी सोपवावी. पहिल्या वर्षी तीस विद्यार्थी पुरेत. त्यांचा अहवाल मराठीत लिहिलेला असावा, संकेतस्थळावर सर्वांना वाचता यावा आणि जिल्हास्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत विद्यार्थ्यांनी स्वतः मांडावा. महापालिका आयुक्तांनाही त्या बैठकीचे निमंत्रण द्यावे.



आपला,
या शहराचा एक रहिवासी